खालच्या नळाचं प्रकरण

माझा उजवा पाय बेसिनमध्ये होता, डावा जमिनीवर होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती, आणि अशा अवस्थेत मला समोरच्या आरशात साहेब दिसले.

साहेब एकटे असते तर मी कसंबसं निभावून नेलं असतं. पण त्यांच्या मागे मुख्य कार्यालयातून तपासणीला आलेले तीन पाहुणे होते आणि साहेब त्यांना मोठ्या अभिमानाने सांगत होते, "आणि हे आमचं नूतनीकरण झालेलं प्रसाधनगृह." त्यातलं 'नूतनीकरण' खणखणीत आलं. 'प्रसाधन' जरा अडखळलं. 'गृह' घशातच राहिलं.

एका पायावर उभं राहून अदब दाखवणं किती अवघड असतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी मान तुकवून "नमस्कार साहेब" म्हणालो, त्यासरशी माझा तोल गेला, आणि सावरायला जे पहिलं हाताशी आलं ते मी धरलं. तो साबणाचा डबा होता. नूतनीकरणात तो नुसता चिकटवलेला असावा. तो भिंतीची आणि माझी, दोघांचीही साथ सोडून खाली आला.

पाहुण्यांपैकी एकाने काळजीने विचारलं, "यांच्या पायाला काही लागलंय का?"

"हो," साहेब म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

दोघं एकदमच बोललो. पाहुण्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

आता खुलासा करतो. मी मुसलमान आहे. ऑफिसातल्या चाळीस माणसांत मी एकटाच. दुपारच्या सुट्टीत जुन्या रजिस्टरांच्या खोलीत, दोन कपाटांच्या मधल्या बोळकांडीत मी नमाज पढतो, आणि नमाजच्या आधी वजू करायचा असतो. म्हणजे आधी हात धुवायचे, चूळ भरायची, नाक साफ करायचं, चेहरा धुवायचा, मग कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात फिरवायचा आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. एकोणीस वर्षं हे सगळं बिनबोभाट चाललं होतं, कारण ऑफिसच्या मागच्या अंगाला एक मोरी होती आणि मोरीत खाली एक नळ होता. नूतनीकरणात मोरी गेली आणि चकचकीत बेसिनं आली. बेसिन माणसाच्या कमरेला येतं. माझं वय बघता माझा पाय तिथपर्यंत पोचतो, हीच खरं तर कौतुकाची गोष्ट होती. पण ते कौतुक कुणी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी फलकावर परिपत्रक लागलं : 'कार्यालयीन बेसिनमध्ये हातांव्यतिरिक्त कोणताही अवयव धुण्यास सक्त मनाई आहे.' ते काढलं होतं आस्थापना विभागाच्या बाईंनी. त्यांना प्रत्येक नियम कलमासकट पाठ आहे, म्हणून सगळे त्यांना मागून कलमबाई म्हणतात. पण घाईत कलमबाईंच्याही ध्यानात आलं नाही की चेहरा हासुद्धा हातांव्यतिरिक्तचा अवयव आहे. त्या दिवसापासून ऑफिसात कुणालाच तोंड धुता येईना. जेवणानंतर डुलकी काढलेली माणसं तशीच, गालावर फाइलीचे वळ घेऊन टेबलाशी येऊन बसायला लागली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की जणू त्यांचं तोंड मीच चोरलं होतं.

शेवटी मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, पूर्वी मोरीत होता तसा एक नळ मागच्या भिंतीला खाली बसवून मिळाला तर..."

साहेबांनी कागदावरची नजर वर उचलली नाही. ते कधीच उचलत नाहीत. "मग अर्ज करा की," ते म्हणाले. "आपलं ऑफिस कसलं आहे?"

आपलं ऑफिस पाणीपुरवठ्याचं आहे. आणि त्यात नवीन नळजोडणीच्या टेबलावर कोण बसतं? मी बसतो.

मला वाटलं, काम झालंच. आपलंच खातं, आपलंच टेबल, आणि अर्जाचा नमुनासुद्धा मीच बनवलेला. एकवीस रकान्यांचा. लोक तो भरताना कण्हतात का, हे मला एकोणीस वर्षं कळलं नव्हतं. ते नवव्या रकान्यापाशी कळलं : 'नळाचे प्रयोजन (सविस्तर)'. मी लिहिलं, 'वजू'. दहावा रकाना : 'सदर प्रयोजन अन्यत्र साध्य होऊ शकते काय? नसल्यास का नाही?' असला रकाना मला कुठल्या मुहूर्तावर सुचला होता, अल्ला जाणे. अकरावा रकाना दहाव्या रकान्यातल्या उत्तराचा पुरावा मागत होता.

अर्ज दाखल झाला की पहिल्यांदा येतो माझ्या टेबलावर. आला. मी तपासला. जागामालकाचं संमतीपत्र जोडलेलं नव्हतं. आता काय करावं? आजूबाजूची चार टेबलं माझ्याकडे बघत होती. आजवर मी कुणाचा अर्ज संमतीपत्राशिवाय पुढे सोडलेला नाही, एका मंत्र्याच्या मेहुण्याचासुद्धा नाही. मी छाती पुढे काढून 'कागदपत्रे अपुरी' हा शिक्का मारला, सही केली आणि अर्जदाराला टपालाने कळवलं.

चौथ्या दिवशी पत्र घरी आलं. ते बायकोने फोडलं.

"अहो, तुमचा अर्ज परत पाठवलाय कुणीतरी. शिष्ट माणूस दिसतोय. आणि सही बघा काय गचाळ, नावसुद्धा लागत नाही."

"ती माझी सही आहे."

तिने पत्र उजेडात धरून सही पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाली, "घरीच सांगायचं ना स्वतःला. टपालहशील तरी वाचलं असतं."

संमतीपत्र जोडून अर्ज पुढे सरकला आणि कलमबाईंच्या हातात पडला. तिथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. वजू म्हणजे काय, तो दिवसातून किती वेळा करावा लागतो आणि तो घरून करून येता येईल काय, अशी पृच्छा आली. मी सविस्तर उत्तर दिलं. नमाज दिवसातून पाच वेळा असते, पण ऑफिसच्या वेळेत दोनच येतात, एक दुपारची आणि एक संध्याकाळच्या आधीची. घरून वजू करून येता येतं, तो मोडेपर्यंत टिकतो.

'मोडेपर्यंत' हा शब्द मी का लिहिला? दोन दिवसांत फाइल परत. 'कशाने मोडतो, ते नमूद करावे.'

आता हे एखाद्या मित्राला सांगणं वेगळं आणि जावक क्रमांक घालून सांगणं वेगळं. मी संध्याकाळभर शब्द जुळवत बसलो. शेवटी लिहिलं : 'निद्रा, नैसर्गिक विधी, तसेच शरीरातील वायूचे निर्गमन.' फाइल परत आली. 'निद्रेबाबत : कार्यालयीन वेळेत निद्रा अपेक्षित नाही. वायूबाबत : वारंवारता नमूद करावी.'

एकोणीस वर्षांच्या सेवेत माझ्यावर एक ठपका नाही. कधी उशीर नाही, खाडा नाही. आणि आता माझ्या नावाने कायमस्वरूपी जतन होणाऱ्या फाइलीत मला हे लिहायचं होतं. मी 'अनिश्चित' असं लिहिलं. ते पान पाच टेबलांवरून फिरलं. चौघांनी 'पाहिले' म्हणून सही केली. एकाने 'सहमत' असं लिहिलं.

या फिरतीत आणखी एक भानगड झाली. फाइल परत आली की तिच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात वेगळेच प्रश्न असायचे. त्यांचा नळाशी काही संबंध नसायचा आणि खाली सही नसायची. 'रोज्यात पाणीसुद्धा नाही?' नाही, पाणीसुद्धा नाही, मी पेन्सिलीनेच उत्तर दिलं. 'थुंकी गिळली तर?' चालते. 'विसरून काही खाल्लं तर?' तर रोजा मोडत नाही, आठवलं की थांबायचं. त्याखाली पुढच्या फेरीत आलं : 'किती खाऊन झाल्यावर आठवलं तर चालेल?' हे अक्षर लेखा विभागाचं होतं, मी ओळखलं. त्या माणसाचा डबा चार कप्प्यांचा आहे.

कुणी विचारलं, तुम्ही त्या काळ्या चौकोनी इमारतीची पूजा करता का? मी लिहिलं, पूजा एका अल्लाची, इमारत ही दिशा आहे, जगभर सगळ्यांनी एकीकडे तोंड करावं म्हणून. कुणी विचारलं, येशूला तुम्ही मानता का? मी लिहिलं, प्रेषित म्हणून मानतो, आणि त्यांच्या आईच्या नावाचा कुराणात अख्खा अध्याय आहे. त्यापुढे कुणीतरी 'अरे वा' लिहिलं. मला जरा चढलं. रोज सकाळी मी फाइलीची वाट बघायला लागलो. आपण आता या ऑफिसातले बिनपगारी मौलाना झालो आहोत, अशी माझी समजूत होत चालली होती. आणि मग एक दिवस समासात एवढंच आलं : 'नमाजमध्ये जे म्हणता त्याचा अर्थ तुम्हाला समजतो का?'

मी आधी 'हो' लिहिलं. मग खोडलं. मग 'बराचसा' लिहिलं. तेही खोडलं. रबराने कागद पातळ झाला तेव्हा लिहिलं, 'थोडा. बाकीचा शिकायचा राहिलाय.' त्या दिवशी घरी येऊन अब्बांकडून नमाजमध्ये म्हणायच्या एका छोट्या सूरेचा, म्हणजे कुराणातल्या अध्यायाचा, अर्थ नीट समजून घेतला. अब्बा शिंपीकाम करायचे, आता डोळ्यांमुळे बंद आहे. ते म्हणाले, "पन्नास वर्षं झाली तुला. मला वाटलं, माहीत असेल."

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हणालो.

तोवर माझी तात्पुरती सोय काय, हे सांगायचं राहिलं. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना दुसऱ्यांच्या अडचणींसाठी भरपूर वेळ असतो. त्यांनी सल्ला दिला, "झाडांवर औषध फवारायचा पंप न्या. नळी खाली, दट्ट्या हातात. बेसिनची गरजच काय?" मी नेला. ऑफिसच्या मागे कुंपणाशी उभं राहून मी पायावर फवारा मारत होतो, तेवढ्यात पहारेकरी आला. थोडा वेळ बघून म्हणाला, "संपत आल्यावर तिकडच्या गुलाबांवर पण मारा, किडे झालेत." दुसऱ्या दिवशी तो मला गुलाबांपाशी हाताला धरूनच घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी पंप घरी राहिला आणि बाटली आली.

दरम्यान फाइल तांत्रिक शाखेत गेली. तिथे मीटर तपासणारा एक माणूस आहे. तो आयुष्यभर थेंब मोजत आल्यामुळे त्याला आम्ही थेंबराव म्हणतो. थेंबरावांचा प्रश्न साधा होता : प्रत्येक वजूस किती पाणी लागते? या प्रश्नाने मी खूश झालो, कारण याचं उत्तर मला अब्बांकडून लहानपणापासून पाठ होतं. मी ऐटीत लिहिलं की पैगंबर साहेब साधारण एका ओंजळभर मापात, म्हणजे लिटरभराहून कमी पाण्यात वजू करीत, आणि वाहत्या नदीकाठी बसलं तरी पाणी वाया घालवू नये अशी आम्हाला शिकवण आहे. सबब पाण्याचा वापर नगण्य आहे.

थेंबरावांनी खाली लिहिलं : 'अर्जदाराने प्रत्यक्ष मोजणीस उपस्थित राहावे.'

मोजणीची खोली तळघरात आहे. एका लांब ओट्यावर मीटरांची रांग असते. थेंबरावांनी एका नळाला नवं कोरं मीटर जोडलं, शून्यावर आणलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "करा सुरू. रोज करता तसंच करा. माझ्याकडे बघू नका." बघू नका म्हणाले, पण खोलीत तोवर अकरा माणसं जमली होती. मी बिस्मिल्ला म्हणून नळ सोडला. हात, चूळ, नाक, चेहरा, सगळं तीन तीन वेळा, व्यवस्थित. पाय धुऊन झाले, नळ बंद केला. थेंबराव मीटरवर वाकले. पुन्हा वाकले.

"साडेसहा लिटर," ते म्हणाले.

"मीटर बिघडलं असेल," मी म्हणालो.

थेंबरावांचा आयुष्यात एवढा अपमान कुणी केला नव्हता. त्यांनी दुसरं मीटर जोडलं. मी दुसऱ्यांदा वजू केला. सहा लिटर आठशे.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "लिटरभराहून कमी म्हणाले होते ना?" आणि मला पहिल्यांदा खरोखर लाज वाटली. बेसिनच्या वेळी वाटली होती ती नुसती फजिती होती. ही आतून आली. नदीकाठच्या शिकवणीचं वाक्य मी शाईने लिहून दिलं होतं, आणि माझ्या कोपरावरून मात्र नळ धो धो वाहत होता. मी डोकं पुसत असताना सुद्धा तो चालूच होता.  थेंबरावांनी फक्त 'साडेसहा' आकड्याखाली रेघ मारली. चांगला माणूस, दोन रेघा मारता आल्या असत्या.

घरी आल्यावर मी अब्बांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. उठले, फुलपात्रापेक्षा जरा मोठा एक तांब्या भरून आणला आणि गच्चीच्या दारात बसून वजू केला. कापड बेतताना ते जसे कात्री लावायच्या आधी दोनदा विचार करायचे, तसं प्रत्येक ओंजळीआधी हात क्षणभर थांबत होता. पाय धुऊन झाल्यावर तांब्यात दोन घोट पाणी उरलं होतं. ते त्यांनी दारातल्या रोपाला घातलं.

"हे तुम्ही रोज असंच करता?" मी विचारलं.

"आमच्या लहानपणी पाणी लांबून आणावं लागायचं," ते म्हणाले. "तू पाणीपुरवठ्यात लागलास, तेव्हा मला वाटलंच होतं की तू उधळा होणार."

मग आठ दिवस माझा सराव चालला. बायको मापाचं भांडं घेऊन शेजारी बसायची. पहिल्या दिवशी पाणी कोपरापाशीच संपलं. दुसऱ्या दिवशी एका पायापर्यंत पोचलं. "दुसरा पाय उद्या धुवा," ती म्हणाली. मुलीने भिंतीवर तक्ता लावून रोजचा आकडा लिहायला घेतला. आठव्या दिवशी मी नऊशे मिलिलिटरवर आलो तेव्हा घरात टाळ्या पडल्या. मी स्वतः थेंबरावांकडे गेलो आणि म्हटलं, "पुन्हा मोजा." पुढे खालच्या नळाला बसवायची म्हणून ठेवलेली बारीक धारेची तोटी त्यांनी या वेळी लावली होती. आकडा आला आठशे नव्वद. थेंबरावांनी माझा हात हातात घेतला, ओला होता तरी. फाइलीवर त्यांनी लिहिलं : 'अर्जदाराचा पाणीवापर समाधानकारक. हीच पद्धत इतर कर्मचाऱ्यांनी अवलंबावी.'

मला वाटलं, आता फाइल उडत जाईल. ती उडत कलमबाईंकडे गेली. आणि बाईंनी या आठ दिवसांत अभ्यास केला होता.

'चामडी मोजे घातले असल्यास पाय न धुता त्यावर ओला हात फिरवण्याची सवलत आपल्या धर्मात आहे असे कळते. मग नळाची आवश्यकता काय?' मी थक्क झालो. हे बाईंना कसं कळलं? मी उत्तर दिलं की सवलत आहे, पण ते मोजे आधी पाय धुऊन घातलेले असावे लागतात आणि प्रवासात नसलेल्या माणसाला ती एक दिवस-रात्रच चालते. शिवाय या हवेत चामडी मोजे घातले तर शेजारच्या टेबलांवरून स्वतंत्र तक्रारी येतील. बाईंना शेवटचा मुद्दा पटला असावा. कारण पुढचा हल्ला दुसऱ्या बाजूने आला, आणि तो कागदावरून आला नाही.

सोमवारी सकाळी मी टेबलाशी आलो तर टेबलावर मातीने भरलेली एक कुंडी होती. झाड नव्हतं. नुसती माती, चाळून स्वच्छ केलेली. कुंडीला चिठ्ठी होती : 'पाणी उपलब्ध नसल्यास स्वच्छ मातीवर हात ठेवून चेहऱ्यावर व हातांवर फिरवण्याची मुभा असल्याचे समजते. अंतिम निर्णय होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून कुंडी देण्यात येत आहे. पोच द्यावी.'

मी पोच दिली. दिवसभर लोक येऊन कुंडी बघून गेले. एकाने तिच्यात पेन खोचून ठेवलं. कुणीतरी विचारलं, "काय पेरलंय?" मी अपमानाने नुसता धुमसत होतो. पण घरी जाताना बसमध्ये विचार केला आणि माझ्या ध्यानात आलं की बाईंनी चेष्टा केलेली नाही. त्या बाईने खरंच कुठेतरी बसून वाचलं होतं, आणि नियमात बसणारी एक वाट माझ्यासाठी शोधून काढली होती. त्यांनी अर्धाच नियम वाचला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला. आयुष्यातला सर्वांत छोटा. 'कुंडीबद्दल आभारी आहे. मातीची मुभा आमच्यात फक्त पाणी उपलब्ध नसेल, किंवा पाण्याने आजार बळावणार असेल, तेव्हाच लागू होते. माझी प्रकृती उत्तम आहे. सबब, या पाणीपुरवठा कार्यालयात पाणी उपलब्ध नाही, असा साहेबांच्या सहीचा दाखला मिळावा, म्हणजे मला कुंडी वापरता येईल.'

कलमबाई तो कागद वाचून माझ्या टेबलापाशी आल्या. त्या कधी कुणाच्या टेबलापाशी येत नाहीत. "असा दाखला देता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"मला कल्पना आहे, बाई."

"वर गेला तर काय होईल?"

"वर्तमानपत्रातसुद्धा जाईल."

त्यांनी कुंडीत खोचलेलं पेन काढून बाजूला ठेवलं. "माती मी घरी चाळली होती," त्या जरा पडलेल्या आवाजात म्हणाल्या. "दोनदा."

"फार छान चाळली आहे," मी म्हणालो. आणि ते मी मनापासून म्हणालो.

त्याच दुपारी बाई फाइल घेऊन स्वतः साहेबांच्या खोलीत गेल्या आणि मंजुरी घेऊनच बाहेर आल्या. 'जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीवर एक नळ बसवण्यात यावा.' अर्ज दाखल झाल्यापासून अकरा आठवडे झाले होते. मी घरी मिठाई नेली.

प्लंबर बुधवारी आला. खात्याचाच माणूस, झुपकेदार मिशांचा आणि कमी बोलणारा. त्याने मागच्या भिंतीला भोक पाडलं, आतल्या मोरीच्या जुन्या पाइपाला सुंदर पितळी नळ बसवला, फडक्याने पुसला आणि हत्यारं गोळा करायला लागला. मी चावी फिरवली. काही आलं नाही. पुन्हा फिरवली.

"पाणी येत नाहीये," मी म्हणालो.

"येणार नाहीच," तो म्हणाला. "आदेशात नळ लिहिलाय. पाणी कुठं लिहिलंय?"

मी आदेश काढून वाचला. माणूस बरोबर बोलत होता. व्हॉल्व्ह उघडून जोडणी सुरू करायला वेगळा अर्ज लागतो. तो नमुनासुद्धा मीच बनवलेला आहे.

त्यानंतर आठ दिवस मी त्या कोरड्या नळासमोर स्टूल टाकून बसायचो आणि बाटलीतल्या पाण्याने वजू करायचो. निदान पाणी वाहून जायला खाली जाळी होती. लोक नळ बघायला यायचे, चावी फिरवून बघायचे, चुकचुकायचे आणि जायचे. नव्या अर्जाचा कागद माझ्या खणात पडून होता. तो भरायला माझा हात होत नव्हता.

अशाच एका दुपारी मी बाह्या वर करून बाटलीचं झाकण उघडतोय, तोच मागून आवाज आला, "एक विचारू?"

साहेब होते. एकटे. हातात कागद नव्हता, म्हणून पहिल्यांदाच त्यांची नजर सरळ माझ्या तोंडावर होती. मी उठायला लागलो. त्यांनी हातानेच बसा म्हणून खुणावलं.

"फाइलीत नको, म्हणून इथं विचारतो. मी त्या रजिस्टरांच्या खोलीवरून जाताना बघितलंय. सगळं झाल्यावर शेवटी तुम्ही हात पुढे करून बसता, ओंजळ करून. तेव्हा मागता काय?"

इतके आठवडे मला इतके प्रश्न विचारले गेले होते, पण याचं उत्तर कुणाला विचारायला जायची गरज नव्हती.

"खरं सांगू साहेब? आधी मुलीची परीक्षा, अब्बांचे डोळे, असं मागायचो. गेले तीन महिने फक्त नळ मागतोय."

"मग मिळाला की."

"मिळाला, साहेब. माझ्याच मागण्यात चूक झाली. पाणी वेगळं मागायला हवं होतं."

साहेब हसले. आठ वर्षांत या इमारतीत त्यांचे दात कुणी पाहिले नव्हते. त्यांना हसताना बघून मला इतकं नवल वाटलं की मी हातातली बाटली तशीच तिरकी धरून बसलो. ते हसता हसता भिंतीच्या पलीकडे गेले. मुख्य पाइपावरून या नळाकडे येणारा व्हॉल्व्ह तिथे आहे, आणि साहेब खात्यात पहिल्यांदा लागले ते पाइपावर काम करणारा माणूस म्हणूनच, हे मला त्या दिवशी कळलं. पलीकडून कुईं कुईं आवाज आला. मग त्यांचा स्वर आला, "येतंय का?"

नळाने आधी हवा सोडली. मग गंजाचं लाल पाणी खाकरून टाकलं.

"येतंय, साहेब!"

साहेब बघायला इकडे आले आणि नेमकी त्याच क्षणी धार आली. थेंबरावांची बारीक तोटी प्लंबरने बसवलेली नव्हती. पाणी जाळीवर आपटून उसळलं आणि साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, बुटांत पाणी गेलं. मी धावत चावी कमी केली. आम्ही दोघं त्या बुटांकडे बघत उभे राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर पुढचं परिपत्रक उभं राहिलं.

साहेब माझ्या स्टुलावर बसले. एक बूट काढला, दुसरा काढला. मोजे काढून पिळले. आणि मग, इकडे तिकडे न बघता, दोन्ही पाय नळाखाली धरले.

"गार आहे हो," ते म्हणाले. "सकाळपासून बुटात होते." थोड्या वेळाने म्हणाले, "किती वेळा धुता म्हणालात?"

"तीन वेळा, साहेब. आधी उजवा."

त्यांनी आधी उजवा धुतला, बोटांच्या मधूनसुद्धा. मग डावा. मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. मी न राहवून म्हणालो, "साहेब, मध्ये जरा चावी बंद केली तर..." त्यांनी मुकाट्याने चावी बंद केली.

"तुमची वेळ जात नाही ना?"

"अजून वीस मिनिटं आहेत."

"मग मला पाच मिनिटं बसू द्या इथं."

मी बाह्या वर केलेल्या अवस्थेत त्यांच्या मागे उभा राहिलो. तेवढ्यात कलमबाई हातात कागद घेऊन कोपऱ्यावरून वळल्या आणि थबकल्या. त्यांनी साहेबांचे अनवाणी पाय बघितले, भिजलेली पँट बघितली, पिळलेले मोजे बघितले. तोंड उघडलं. कुठलं तरी कलम जिभेवर आलं असावं, पण ते तिथेच राहिलं.

"रांग आहे का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"हो," मी म्हणालो. "माझ्यामागे या."

बाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि चपला काढल्या.